छायाचित्रणास मनाई असलेल्या गावाचा सिनेमा

नाशिक रोडची ओळख करून द्यायची तर तिथल्या मोठमोठ्या फाटकांपासून सुरुवात करावी लागते. इंडिया सिक्युरिटी प्रेसचं फाटक, करन्सी नोट प्रेसचं फाटक, मध्यवर्ती कारागृहाचं फाटक. थोडं पलीकडे देवळाली कॅम्पात तोफखान्याची फाटकं, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्राचं. या फाटकांच्या आत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पाळ्या केल्या, पगार घेतले, कुणी शिक्षा भोगल्या, आणि यांतल्या एकाही फाटकातून कॅमेरा घेऊन सहज आत जाता येत नाही. सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी इथे टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून छापून येत. १९२८ साली नोट प्रेस सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट नाशिकला छापली गेली. तेव्हापासून या गावचा माल देशभर खिशाखिशांत फिरतो आहे. तो करणारे हात मात्र पडद्यावर क्वचितच दिसले.

यात गैर काही नाही. नोटांच्या छापखान्यात कॅमेरा नको, हे कुणालाही पटेल. पण त्याचा एक परिणाम होतो आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ज्या गावात मोठ्या संस्थांचं रोजचं काम टिपता येत नाही, त्या गावाचा हलत्या चित्रांतला इतिहास लोकांच्या घरात साठत जातो. बारशात, लग्नात, मुक्तिधाम मंदिराच्या फेरीत, चाळीच्या गणपतीत. नाशिक रोडचा असा इतिहास माळ्यावरच्या ट्रंकेत आणि कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. तो बाहेर काढायला या गावात एकच मोठं फाटक सोयीचं आहे : महाविद्यालयाचं. तिथे सभागृह असतं, प्रोजेक्टर असतो, संध्याकाळी रिकाम्या खुर्च्या असतात आणि प्रश्न विचारण्याची मुभा असते.

म्हणून हा लेख एका खेळाचा आराखडा मांडतो. नाशिक रोडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात, विनामूल्य, एका संध्याकाळी प्रायोगिक लघुपट आणि घरगुती चित्रफिती एकत्र दाखवायच्या. वरवर पाहता ही जोडी विजोड वाटते. प्रायोगिक लघुपट म्हणजे दुर्बोध, मोजक्यांसाठी. घरगुती चित्रफीत म्हणजे काकांचं डोकं कापलं गेलेलं, कॅमेरा हललेला, घरच्यांखेरीज कुणाला न कळणारी. पण दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण नाशिककरांना परकं नाही.

कुंडीतला वाटाणा

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. विलियमसन कंपनीचा कॅमेरा मागवून एप्रिलमध्ये परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट अजून कागदावरही नीट उतरला नव्हता. भांडवल नव्हतं, आणि कॅमेऱ्याने खरोखर काही करता येतं हे भांडवल देणाऱ्याला पटवायचं होतं. फाळक्यांनी घरात एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर पाहता पाहता उलगडली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखला जाणारा हा लघुपट त्यांनी निवडक मंडळींना दाखवला. त्यांतले छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले.

या प्रसंगाकडे चरित्रकार ‘राजा हरिश्चंद्र’ची पायरी म्हणून पाहतात. तो तसा आहेच. पण खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर त्यात आपल्या कार्यक्रमाचं सगळं साहित्य हजर आहे. गोष्ट नाही, नट नाहीत, काळाशी केलेला खेळ आहे, म्हणजे प्रायोगिक लघुपट. घरात, घरच्या कुंडीवर, घरच्या पैशाने काढलेला, म्हणजे घरगुती चित्रफीत. तिकीट नाही, ओळखीचे प्रेक्षक, खेळानंतर चर्चा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच्या वर्षभर आधीच हा दुसरा सिनेमा आपल्याकडे सुरू झाला होता.

पुढेही फाळक्यांनी घर आणि सिनेमा यांच्यात भिंत घातली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास त्यांचा मुलगा भालचंद्र. पत्नी सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रं पाडली आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. १९१३ मध्ये बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आला. मोठ्या पौराणिक चित्रपटांच्या जोडीला दाखवायला छोटे चित्रपट इथे होत राहिले : ‘पिठाचे पंजे’, आगकाड्यांना नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’. त्यांचा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपट तर स्वतःच्या कामाचीच चित्रफीत होता.

यातला सर्वांत नवलाचा तुकडा ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला आहे. कृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिची. गोष्ट सुरू होण्याआधी ती साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेश चढतो. सात वर्षांची मुलगी बापाच्या कॅमेऱ्यासमोर चेहरे करते आहे. भारतातल्या कुठल्याही घरच्या चित्रफितीत हाच प्रसंग असतो. फाळक्यांनी तो कापून टाकला नाही, उलट देवाच्या गोष्टीच्या दारात ठेवला. बघणाऱ्याला आधी मुलगी दिसते, मग देव. नाशिक रोडच्या खेळाचा पहिला भाग हा असावा.

हे तुकडे आज दिसतात ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ साली ते स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग मिळवून जपले. ‘राजा हरिश्चंद्र’ची तिथे पहिली आणि शेवटचीच रिळं आहेत. मधला भाग गेला.

एका वेळी एक फ्रेम

वाटाण्याची युक्ती सोपी आहे. एक फ्रेम घ्या, थांबा, दुसरी घ्या. साठ वर्षांनी तीच युक्ती मुंबईत पुन्हा दिसते. फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती नावाचे दिग्दर्शक होते, मूळचे ओडिशाचे. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांच्या चलच्चित्रांचं तंत्र शिकून आलेले. त्यांनी १९७२ च्या ‘अबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरतींना एका खोलीत बसवलं आणि जिवंत माणसाला बाहुलीसारखं फ्रेमागणिक हलवलं. रंग भिंतींवर चढत जातात, माणूस सरपटतो, उडतो, नाहीसा होतो. हे आबिद सुरती म्हणजे ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’चे जनक. ही ओळख करून दिली की सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या प्रेक्षकाला ‘प्रायोगिक’ या शब्दाची भीती उरत नाही.

पतींचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) जास्त अवघड आहे. नाचणारी तरुण मंडळी, यंत्रं, देवांची चित्रं, प्रयोगशाळा, सगळं डोळ्यांवर आदळतं आणि निवेदक मदतीला येत नाही. गंमत अशी की तो काढणारी संस्था सरकारी होती. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी ‘फिल्म प्रभाग की भेंट’ अशी पाटी झळकली की लोक शेंगदाणे आणायला बाहेर जात. पूरबातम्या आणि धरणांची उद्घाटनं दाखवणाऱ्या त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव, पती ही माणसं साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेमाची मोडतोड करून पाहत होती. सरकारी कारखान्यात राहून स्वतःचं काही करता येतं, हे प्रेस कामगारांच्या मुलांनी या चित्रपटांतून जरूर पाहावं.

तिसरं उदाहरण आपल्या मुद्द्याला सर्वांत जवळचं आहे. मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७० च्या सुमारास ‘सिझिजी’ हा रेषांचा अमूर्त चलच्चित्रपट केला. रेघा, बिंदू, आकडे, दुसरं काही नाही. त्याच काळात त्यांनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा दुसरा चित्रपट केला. त्याची एकच प्रत होती. ती प्रदर्शनाला पाठवली आणि परत आलीच नाही. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या चित्रपटावर नवा चित्रपट केला, तेव्हा कुठे त्याचं नाव पुन्हा ऐकू आलं. मोठ्या चित्रकाराच्या बाबतीत हे घडतं, तर जेल रोडवरच्या एखाद्या घरातल्या रिळाचं काय होत असेल?

कारण घरगुती रीळही बहुधा एकुलतंच असतं. हौशी कॅमेऱ्यात वापरली जाणारी रिव्हर्सल फिल्म धुतली की तीच पडद्यावर दाखवायची. वेगळी निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. जो तुकडा आजोबांच्या कॅमेऱ्यातून गेला तोच प्रोजेक्टरमधून जातो. तो तुटला की संपलं.

माळ्यावरची रिळं, कपाटातल्या कॅसेट

घरचं चित्रण हा सिनेमाचा उशिराचा पाहुणा नाही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यात ऑग्युस्त ल्युमिए, त्यांची पत्नी आणि बाळ जेवताना दिसतात. बाळाला भरवणं हा जगातल्या पहिल्यावहिल्या चित्रपटांतला एक विषय. पुढच्या वर्षी ७ जुलैला ल्युमिएंची माणसं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचली. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले, त्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. परदेशी शिकून आलेल्या मुलाच्या गळ्यात हार पडताना काढलेलं चित्र आजही अनेक घरांच्या अल्बमचं पहिलं पान असतं.

हौशी लोकांच्या हाती कॅमेरा आला तो १९२३ मध्ये, १६ मिलिमीटर फिल्म निघाल्यावर. १९३२ मध्ये ८ मिलिमीटर, १९६५ मध्ये सुपर एट. सुपर एटचं एक काडतूस पन्नास फुटांचं, नेहमीच्या गतीने तीन मिनिटं वीस सेकंदांचं. त्यामुळे हौशी माणूस काटकसरीने चित्रण करी. नवरदेव घोड्यावर, सहा सेकंद. आजी हसली, चार सेकंद. या सक्तीच्या काटकसरीतून आपोआप जे संकलन झालं, ते शिकवून येत नाही.

पण इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. फिल्मचा कॅमेरा सगळ्यांकडे नव्हता. देवळालीचे लष्करी अधिकारी, डॉक्टर, कारखानदार, परदेशी नातलग असलेली घरं, इतक्यांचीच ती ऐपत. प्रेसच्या वसाहतीतल्या किंवा रेल्वे क्वार्टरमधल्या घरात हलतं चित्र शिरलं ते कॅसेटमधून. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं, मागून व्हीसीआर आले, आणि ऐंशीच्या दशकात ‘व्हिडिओ शूटिंग’ लग्नाच्या खर्चाच्या यादीत जाऊन बसलं. डोळे दिपवणारा हॅलोजन, त्याची लांबच लांब वायर सांभाळणारा पोऱ्या, स्टेजवर आहेर देताना कॅमेऱ्याकडे बघून क्षणभर थबकणारे पाहुणे.

या कॅसेटना कमी लेखू नये. लग्न बाजूला ठेवून नुसती पार्श्वभूमी पाहावी. कार्यालयाच्या बाहेरचे दुकानांचे बोर्ड, पार्क केलेल्या सायकलींची रांग, जेवायला बसलेली पंगत. काही वर्षांनंतरच्या कॅसेटमध्ये त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या लग्नात पंगत नाही, बुफे आहे, आणि सायकलींच्या जागी स्कूटर. वधूपक्षाची भाषा, खानदेशी की मावळी की हिंदी, यातून या गावात कोण कुठून नोकरीला आलं हे ऐकू येतं. संगमरवरी मुक्तिधाम १९७१ मध्ये बांधून झालं. त्यानंतर पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं ठरलेलंच. तेव्हा तिथल्या फरशीवर घेतलेली चित्रं ओळीने लावली तरी गावाच्या कपड्यांचा, केशरचनांचा आणि पोटांचा पन्नास वर्षांचा आलेख मिळेल.

आणि प्रयोग पाहायचा असेल तर मिक्सिंग करून आणलेली लग्नाची कॅसेट पाहावी. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, गुलाबाच्या पाकळीतून उगवणारा सासऱ्यांचा चेहरा, आकाशात तरंगणारी करवली. ज्यांनी हे केलं त्यांनी प्रमोद पती पाहिले नसतील. पण चित्रावर चित्र चढवण्याचा, वेळ उलटसुलट करण्याचा आनंद त्यांनी गल्लीतल्या दुकानात बसून घेतला, आणि त्याला गिऱ्हाईकही मिळालं. प्रायोगिक सिनेमाला इतका मोठा प्रेक्षक महाराष्ट्रात दुसरीकडे मिळालेला नाही.

रिळं आणि कॅसेट या दोन्हींना वेळ थोडा आहे. ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली की डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती आक्रसते, वाकते, आणि शेजारच्या रिळांनाही बाधते. चुंबकीय फितीवर पावसाळ्यात बुरशी धरते. २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे फीत चांगली राहिली तरी ती लावायला यंत्र शोधावं लागतं. एक दिलासा मात्र आहे. हौशी मापाच्या फिल्म पहिल्यापासून सहज न पेटणाऱ्या आधारावर बनल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट खाक झाले, तशी आग या डब्यांतून लागायची नाही.

कुंपणाआतली चित्रं

बंदीच्या जागी घरगुती कॅमेरा काय करू शकतो, याचं अमेरिकेतलं एक उदाहरण नाशिक रोडने लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं आणि त्यांच्याकडे कॅमेरा असण्याला मनाई झाली. युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो नावाच्या दुकानदाराने ८ मिलिमीटर कॅमेरा लपवून आत आणवला. बर्फात खेळणारी मुलं, प्रार्थना, भाजीचे वाफे. त्याने अन्यायाचं भाषण चित्रित केलं नाही, रोजचं जगणं टिपलं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रफितीला जागा मिळाली.

नाशिक रोडला लपवाछपवी करायची गरज नाही, आणि कुणी ती करूही नये. फाटकाबाहेर काढलेल्या चित्रांत फाटकाच्या आतलं पुष्कळ येतं. रात्रपाळीहून आलेला माणूस बारशात जांभई देतो, निवृत्तीच्या हारात गुदमरतो, बोनसच्या महिन्यात घरात आलेला नवा फ्रिज कॅमेऱ्याला दाखवतो. कारागृहाचंही तेच. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती घराच्या आठवणींची. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. भिंतीआड बसलेल्या माणसाने घर आठवलं आणि मराठी सिनेमाचा सर्वांत मोठा गौरव त्या आठवणीला मिळाला.

खेळ कसा लावायचा

कायदा इथे अडथळा आणत नाही, उलट हात देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. चित्रपटावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे फाळके सर्वांचे झाले आहेत. पतींच्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाला पत्र लिहावं, कारण २०२२ पासून फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट संग्रहालय दोन्ही त्यातच सामावली आहेत. घरगुती चित्रफितीचा हक्क घरच्यांकडेच असतो, पण त्यात दिसणारी माणसं जिवंत आहेत, कुणाची सोडचिठ्ठी झाली आहे, कुणाचं मूल गेलं आहे. काय दाखवायचं आणि काय नाही, हे घरातल्या बायकांना आधी विचारावं. चित्रण बहुतेक पुरुषांनी केलं आहे आणि दिसल्या आहेत त्या बायका.

दर ऑक्टोबरात जगभर घरगुती चित्रपट दिवस पाळला जातो. चित्रपट-जतनाचं काम करणाऱ्यांनी २००३ मध्ये तो सुरू केला. त्यांची पद्धत उचलण्याजोगी आहे. लोक रिळं घेऊन येतात. जाणकार आधी टेबलावर ती तपासतात : जोड सुटले आहेत का, छिद्रं फाटली आहेत का, वास येतो का. आक्रसलेली फिल्म प्रोजेक्टरवर चढवत नाहीत, ती फ्रेम फ्रेम करून स्कॅन करतात. बुरशी आलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालत नाहीत. मग खेळ होतो आणि ज्याचं रीळ तोच माइक घेऊन बोलतो. ‘ही माझी आत्या, हिचं नंतर नगरला दिलं.’ मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून बोलणारी माणसं असत, तीच रीत.

विद्यार्थ्यांनी फक्त प्रेक्षक राहू नये. एका वर्गाने महिनाभर आधी कुंडीत वाटाणा पेरावा, खिडकीत मोबाइल बांधावा आणि ‘अंकुराची वाढ’ नव्याने करावी. दुसऱ्या वर्गाने आगकाड्या घ्याव्यात. कार्यक्रमात आलटून पालटून चित्रपट लावावेत : मंदाकिनीचे चेहरे, मग एखाद्या बारशाचे तीन मिनिटांचे सुपर एट, मग ‘अबिद’, मग बदामातली नवरा-नवरी. असं शेजारी ठेवलं की पती हौशी वाटू लागतात आणि लग्नाचा शूटिंगवाला कलावंत. तारीख १६ फेब्रुवारी असावी, १९४४ साली याच दिवशी फाळके नाशिकमध्ये वारले. परीक्षा लांब असते, हवा कोरडी असते, आणि कोरडी हवा फिल्मला मानवते.

खेळानंतर खरं काम सुरू होतं. प्रत्येक चित्रफितीची नोंद वहीत व्हावी : कुणी काढली, कुठे, कोणत्या वर्षी, त्यात कोण आहे. डिजिटल प्रत घरच्यांना, एक महाविद्यालयाला. मूळ रीळ घरी सांभाळणं जमत नसेल तर पुण्याच्या संग्रहालयाला विचारावं. पाच वर्षांत ही वही नाशिक रोडचा असा दस्तऐवज होईल, जो कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

आणि तिकीट ठेवू नये. पैसे मोजलेला प्रेक्षक करमणुकीचा हिशेब मागतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. फुकट आलेल्या माणसाला कंटाळण्याची, मधूनच उठून चहा घेऊन येण्याची, परत येऊन दुसऱ्याच कुणाच्या आजीला बघत बसण्याची सवलत असते. ‘एक्सप्लोरर’ पचायला ही सवलत लागते आणि अनोळखी घराचं बारसं बघायलाही. ती मिळाली की त्याला आपल्या कपाटातली कॅसेट आठवते, आणि पुढच्या वर्षीचा कार्यक्रम त्याच्या पिशवीतून येतो.